बाजारच्या दिवशीची टॉकीज : खान्देशातल्या एका सिनेमागृहाचं प्रकरण

आमच्या गावच्या सिनेमागृहाला नाव होतं, पण ते परवान्यावर आणि करमणूक कराच्या चलनावर. गावासाठी ती नुसती 'टॉकीज'. एकच होती, त्यामुळे दुसरा शब्द लागलाच नाही. गाव सुरत-भुसावळ लाइनीवरचं, तापीपासून फार लांब नाही. एस.टी.चा कंडक्टर अजूनही 'चला, टॉकीजवाले उतरा' असंच ओरडतो. टॉकीज बंद होऊन पाच वर्षं उलटली, पण थांब्याला त्याची खबर नाही.

मी इथे कर सल्लागार आहे. टॉकीजचे मालक नाना यांचे हिशेब आधी माझे वडील बघायचे, नंतर मी बघू लागलो. नाना गेले. त्यांचा मुलगा, ज्याला अख्खं गाव बापू म्हणतं, जानेवारी 2025 मध्ये ऑफिसात आला आणि माझ्यासमोर तीन कागद ठेवले. पहिला एका बिल्डरचा होता: खाली गाळे, वर फ्लॅट. दुसरा लॉन्सवाल्याचा: इमारत पाडू, पुढे हिरवळ करू, लग्नं लावू. तिसऱ्या कागदावर सह्या होत्या, मथळा 'आपली टॉकीज वाचवा'. सह्या शंभरावर, पण पत्ते पाहिले तर निम्मे सुरतेचे नाहीतर पुण्याचे.

"काका, हे लोक गुरुवारी मॅटिनीला येणार आहेत का?" बापू म्हणाला.

त्याला एक टिपण हवं होतं. जागेचं काय करावं, सिनेमा पुन्हा सुरू झाला तर चालेल का, बँक दारात उभी करेल का. मी म्हटलं, महिनाभर दे. प्रत्यक्षात आठ महिने गेले, आणि मी सुरुवातीला काढलेला निष्कर्ष मधेच मोडावा लागला. तो कसा मोडला, ते सांगण्यासाठी हे लिहितोय.

डी.सी.आर.

टॉकीजचं कुणाशीही बोलणं काढा, पहिलं वाक्य ठरलेलं: 'रोज हाऊसफुल्ल असायचं हो.' ब्लॅकवाल्यांच्या गोष्टी, खिडकीवर फाटलेले शर्ट, बाल्कनीच्या पायऱ्यांवर बसून पाहिलेला पिच्चर. 'माहेरची साडी'ला 1991 मध्ये खेड्यापाड्यांतून बैलगाड्या जुंपून बायका आल्या होत्या, हे तर आमच्याकडे अशा सुरात सांगतात की जणू दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात त्या आल्याच नाहीत. मी स्वतःही असंच सांगत आलो होतो.

बुकिंग ऑफिसच्या माळ्यावर नानांची रजिस्टरं निघाली. डी.सी.आर., म्हणजे रोजच्या वसुलीचा तक्ता. प्रत्येक खेळाला एक पान. थर्ड, लेडीज, सेकंड, फर्स्ट, बाल्कनी अशा ओळी. प्रत्येक ओळीत पहिल्या तिकिटाचा नंबर, शेवटच्या तिकिटाचा नंबर, विकलेली तिकिटं, एकूण रक्कम, त्यातला करमणूक कर, आणि उरलेल्या निव्वळ रकमेत वितरकाचा वाटा. 1923 च्या करमणूक शुल्क कायद्याखाली हा हिशेब ठेवावाच लागायचा, आणि निरीक्षक मध्यंतरात अचानक येऊन डोकी मोजायचा. त्यामुळे गावातल्या बाकी कुठल्याही धंद्याच्या वह्यांपेक्षा या वह्या खऱ्या. माझ्या धंद्यात असं वाक्य लिहायला क्वचित मिळतं.

रजिस्टरं 1974 ते 1996 अशी, अधूनमधून वाळवीने खाल्लेली. रविवारची दुपार मी सर्वांत आधी उघडली आणि पहिला धक्का बसला. रविवार बरा होता, पण राजा नव्हता. राजा होता गुरुवार. गुरुवारी आमचा आठवडी बाजार. बारा आणि तीनचे खेळ भरायचे, तेही खालून: थर्ड आणि लेडीज. बाल्कनी त्या दिवशी बहुधा रिकामीच. मंगळवारी रात्रीच्या खेळाला तीस-चाळीस माणसं, हे तर कुठल्याही वर्षाचं पान उलटा, दिसतं. रोज हाऊसफुल्ल वगैरे काही नव्हतं. लोक आठवड्यातून एकदा गावात यायचे, त्यामुळे त्यांना टॉकीज भरलेलीच दिसायची.

दुसरी गोष्ट ऋतूंची. दिवाळीपासून आकडे चढायला लागायचे आणि संक्रांतीपर्यंत चढते राहायचे. आमचा भाग कापसाचा. एकाधिकार कापूस खरेदी, म्हणजे सगळा कापूस सरकारनेच घ्यायचा, 1972 ला सुरू झाली आणि शेतकऱ्याचा पैसा चुकाऱ्यात, म्हणजे त्या कापसाच्या सरकारी रकमेत, आला. चुकारे वाटले की आठवडाभर बाल्कनीचे नंबर धावतात, चुकारे लांबले की महिनाभर बाल्कनी झोपते. मी वडिलांच्या वेळचे लोक विचारले, ते म्हणाले, हो, आम्ही चुकाऱ्याच्या दिवशी बायकोला वर बसवायचो. पेरणीच्या दिवसांत, आषाढात, सगळंच थंड.

आणि तिसरं, आखाजी. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगतो: अक्षय्य तृतीया आमच्याकडे दिवाळीइतकी मोठी. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी होतात. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, वर्ष याच दिवशी संपतं आणि नवं ठरतं. पुरुष मंडळी पत्ते कुटतात. बायकांना घरात कुणी हाक मारत नाही असे वर्षातले हेच चार दिवस. रजिस्टरात आखाजीच्या आठवड्यात लेडीजची ओळ थर्डच्याही पुढे जाते, सलग सगळ्या वर्षी. पिच्चर कुठला लागलाय याच्याशी त्याचा संबंध दिसत नाही. एका वर्षी मारामारीचा सिनेमा होता, तरी तेच.

म्हणजे ही टॉकीज शुक्रवारच्या नव्हे, बाजाराच्या, चुकाऱ्याच्या आणि आखाजीच्या पंचांगावर चालत होती. मला वाटलं, सापडलं. टिपणाचा कणा मिळाला.

एक गोष्ट तेवढी कळेना. गुरुवारच्या पानांवर लेडीजच्या ओळीशेजारी, समासात, पेन्सिलीने 'उ.' आणि पुढे आकडा. उ. 38. उ. 51. उ. 44. वितरकाच्या प्रतीवर तो नाही, करात नाही, कुठल्याच बेरजेत धरलेला नाही. उधारी असेल असं म्हणून मी पुढे गेलो. तिकिटाची उधारी, आणि तीही नानांच्या राज्यात! तिथेच थांबायला हवं होतं.

मशीनरूम

टिपणाला याचा उपयोग नाही, पण ऑपरेटर चाचांना भेटलो आणि दुपार गेली, म्हणून इथे.

चाचांकडे विद्युत निरीक्षकाचा ऑपरेटरचा परवाना होता, तो त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दाखवला. मशीनरूममध्ये दोन प्रोजेक्टर अजून आहेत. शेवटची पाच-सहा वर्षं डिजिटलवर गेली तेव्हा ते भिंतीकडे सरकवले, विकले मात्र नाहीत. आधीच्या जमान्यात प्रकाश कार्बनचा. दोन कांड्या समोरासमोर, मधे ठिणगीची ज्वाला, आणि कांड्या जळत जातील तसं हाताने एकमेकींकडे सरकवत राहायचं. सरकवायला उशीर झाला की पडदा पिवळा पडतो आणि खालून शिट्या. चाचा काळ्या काचेतून ज्वालेकडे बघायचे, पिच्चर त्यांनी कधी नीट पाहिलाच नाही, असं त्यांचंच म्हणणं. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. दोन रिळं जोडून एका चक्रीवर चढवली तरी वीस-बावीस मिनिटांनी दुसऱ्या मशीनवर उडी मारायची. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो, तेव्हा दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. काही सेकंदांनी दुसरा ठिपका, की झडप बदलायची.

"ठिपका दिसला नाही तर?"

"दिसायचाच," चाचा म्हणाले. "जुन्या प्रिंटला तर आधीच्या प्रत्येक ऑपरेटरने आपापला ठिपका खरवडून ठेवलेला असायचा. चार-चार ठिपके. त्यातला आपला कुठला, ते पहिल्या खेळाला ओळखायचं."

प्रिंटा भुसावळहून यायच्या. सी.पी. सर्किटच्या, म्हणजे सिनेमावाटपाच्या आमच्या विभागाच्या, वितरकांच्या कचेऱ्या तिथे, कारण जंक्शन तिथे. पत्र्याच्या पेट्या पॅसेंजरच्या ब्रेकव्हॅनमध्ये चढायच्या आणि आमच्या स्टेशनवर उतरायच्या. हमालाआधी पोरं पोचायची, पेटीवरचं नाव वाचायला. पिच्चर मुंबईत लागून कित्येक महिने, कधी वर्ष झालेलं असायचं. प्रिंट इतक्या गावांतून फिरलेली की पडद्यावर पाऊस पडायचा. मला लहानपणी खरंच वाटायचं की हिंदी सिनेमात सारखं पावसाळी वातावरण असतं.

शिळा पिच्चर म्हणून कुणी नाक मुरडलेलं मात्र रजिस्टरात दिसत नाही. बाजाराला आलेल्या माणसाला या गुरुवारी काय लागलंय एवढंच हवं होतं.

मग बंद का पडली

लोक सांगतात टी.व्ही.मुळे. 1987 ला रविवारी सकाळी रामायण सुरू झालं तेव्हाची पानं मी मुद्दाम पाहिली. रविवारचा सकाळचा खास खेळ गेला, हे खरं. गुरुवारला धक्का नाही. व्हिडिओ पार्लर आली, केबल आली, रात्रीचे खेळ पातळ झाले. गुरुवार तरी टिकून. 1996 नंतर रजिस्टरं नाहीत, पण आमच्या ऑफिसातल्या विवरणपत्रांवरून पुढचं कळतं, आणि तिथे दोन घाव दिसतात.

पहिला भारनियमनाचा. 2005 नंतरची काही वर्षं ज्यांनी ग्रामीण महाराष्ट्रात काढली त्यांना समजावून सांगायला नको. ऐन दुपारी वीज जायची. नानांनी जनरेटर घेतला. डिझेलचा खर्च वजा केला की गुरुवार सोडून एकही दिवस नफ्यात राहत नव्हता. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या आसपास, आणि 'एअर कूल्ड' ही पाटी हे या टॉकीजचं निम्मं भांडवल. ते मोठे कूलर जनरेटरवर ओढायचे नाहीत. अर्धं भांडवल तिथे गेलं.

दुसरा घाव वरून चांगला दिसणारा. डिजिटल आलं. उपग्रहावरून पिच्चर थेट मशीनमध्ये, पेटी नाही, पाऊस नाही, मुंबईबरोबरच शुक्रवारी आमच्याकडेही नवा पिच्चर. नाना फार खूश होते. पण नव्या पिच्चरची अट अशी की आठवडाभर रोज चारही खेळ चालवा. आता हिशेब करा. धरून चाला की सहाशे खुर्च्या आहेत. आठवड्याचे 28 खेळ, म्हणजे 16,800 जागा. गुरुवारचे दोन खेळ भरले तर 1,200 माणसं. उरलेल्या 26 खेळांना दहावा हिस्सा भरला तर 1,560. म्हणजे 28 पैकी फक्त दोन खेळांतून जवळजवळ 43 टक्के प्रेक्षक, आणि बाकी सव्वीस खेळ वीज, डिझेल, पगार खाऊन बसलेले. त्यात शुक्रवारी लागलेला पिच्चर पुढच्या गुरुवारपर्यंत सहा दिवसांचा शिळा होतो. पूर्वी वर्षाचा शिळा चालायचा, मग सहा दिवसांचा का चालू नये? कारण आता सगळ्यांना माहीत असतं की तो सहा दिवसांपूर्वी आलाय. मोटरसायकलवाल्या पोरांनी तो शनिवारीच जळगावला पाहिलेला असतो, आणि उरलेल्यांच्या मोबाइलमध्ये तो रविवारी येतो.

2016 ला 'सैराट'ने काही आठवडे जुने दिवस दाखवले. मग पुन्हा तेच. मार्च 2020 ला टाळेबंदीत पडदा खाली आला. राज्याने 5 नोव्हेंबर 2020 ला निम्म्या खुर्च्यांवर परवानगी दिली, 2021 च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद, 22 ऑक्टोबर 2021 ला पुन्हा निम्म्यावर. ज्यांना पूर्ण खुर्च्या भरवत नव्हत्या त्यांना निम्म्यांची सवलत. नानांनी मशीन परत पाठवलं. पुढच्या वर्षी ते गेले.

कराचा काही भाग? 1 जुलै 2017 ला करमणूक कर जाऊन जीएसटी आला. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर तेव्हा 18 टक्के, 2019 पासून 12, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 5. पाचवर आला त्या दिवशी बापूचा फोन: "काका, आता तर परवडेल?" मी म्हटलं, शून्याचे पाच टक्के किती होतात ते सांग.

आखाजीचा प्रयोग

मार्चपर्यंत माझं टिपण तयार होतं, आणि मला त्याचा अभिमान होता. सांगणं असं: शुक्रवारचा नाद सोडा. हक्क असणाऱ्याकडून जुने पिच्चर घ्या, फक्त गुरुवारी दुपारी एक खेळ लावा, आणि आखाजीच्या आठवड्यात रोज. बाजारात बायका वाढल्या आहेत हे डोळ्यांना दिसत होतंच. 17 मार्च 2023 पासून एस.टी.त महिलांना निम्मं भाडं आहे. खेड्यातल्या बाया पूर्वी महिन्यातून एकदा यायच्या, त्या आता दर गुरुवारी येतात.

2025 ची आखाजी 30 एप्रिलला, बुधवारी आली. दुसऱ्या दिवशी 1 मे, गुरुवार, बाजार. याहून चांगला दिवस पंचांगातून काढता आला नसता. परवाना बापूने नूतन करून ठेवलेलाच होता. भाड्याने प्रोजेक्टर आणला, जुन्या कौटुंबिक मराठी पिच्चरची रीतसर परवानगी घेतली, कूलरना नवीन वाळा बसवला. तिकीट 30 रुपये. रिक्षावर भोंगा लावून दोन दिवस गावं फिरली. लेडीज खिडकी पाच वर्षांनी उघडली. खिडकीत बापू, आणि दारावर आप्पा, टॉकीजचे जुने डोअरकीपर, वय पंच्याहत्तरच्या पुढे, टॉर्च घेऊन.

मी वही घेऊन पायरीवर बसलो.

अडीचला पिच्चर सुरू झाला तेव्हा आत नव्वद माणसं होती, त्यांतले पुरुष वीसेक. मी मनातल्या मनात टिपण दुरुस्त करायला लागलो. पण सुरू झाल्यावर बायका येतच राहिल्या. तीन वाजता, सव्वातीनला, पावणेचारला. भाजीच्या पिशव्या, काखेत पोरं, हातात भेळभत्त्याचे पुडे. मध्यंतरापर्यंत आकडा दोनशेच्या वर गेला आणि बापूचा चेहरा फुलला. मग बाहेर जाणं सुरू झालं. साडेचारला दहा, पावणेपाचला वीस. पिच्चरमधली सून सासूच्या पायाशी बसून रडत होती, आख्ख्या सिनेमाचा प्राण तिथे, आणि लेडीज भाग उठून चालला होता. 'समाप्त' आलं तेव्हा मी मोजली: 31 माणसं, त्यांतली काही झोपलेली.

बापू म्हणाला, "काका, पिच्चर चुकला."

मलाही तसंच वाटलं. लांब होता, जुना होता. आप्पा मात्र टॉर्च बंद करत म्हणाले, "असंच असायचं की. गुरुवारी लेडीजचं असंच."

मी त्यांना समासातला 'उ.' विचारला. आप्पा हसले. उ. म्हणजे उशिरा. पिच्चर सुरू झाल्यानंतर लेडीज खिडकीवर जितकी तिकिटं जायची तो आकडा. दारात फाडून घेतलेली अर्धुकं आणि खिडकीचे नंबर मध्यंतरात जुळवायला लागायचे, निरीक्षक आला तर गोंधळ नको म्हणून क्लार्क पेन्सिलीने वेगळा टाकायचा. पिच्चर अर्धा झाल्यावर तिकीट काढणाऱ्या पन्नास-पन्नास बायका, दर गुरुवारी, वीस वर्षं. मी तो आकडा उधारी समजून सोडून दिला होता.

बाहेर ओट्यावर एक आजी बसल्या होत्या, आखाजीला माहेरी आलेल्या. त्यांना विचारलं, पिच्चर आवडला नाही का.

"पिच्चरना शेवट मी कधी देखाच नही," त्या म्हणाल्या. "पाचनी गाडी धरनी पडे."

मग आत कशाला जायच्या?

"आठे बसाले जागा व्हती. पोरले पाजाले आडोसा व्हता." आणि मग, पुरुषासमोर बोलायचं म्हणून जरा थांबून, मागच्या बोळाकडे हात केला. तिकडे बायकांचं मोरी-संडास. बाजारात बायकांसाठी दुसरी सोय नव्हती. बारा वाजता बाजार उरकायचा, गाडी पाचला, आणि मधले पाच तास उन्हात उघड्यावर काढायचे नाहीतर लेडीजचं तिकीट काढून टॉकीजच्या अंधारात, वाळ्याच्या गारव्यात.

"आते पिच्चर मोबाइलमा शे," आजी म्हणाल्या. मोबाइलमध्ये बाकीचं नाही, हे त्यांनी म्हटलं नाही, मीच वहीत लिहिलं आणि नंतर खोडलं.

रजिस्टराची मर्यादा मला तिथे कळली. त्याला आत गेलेले कळतात, बाहेर पडलेले कळत नाहीत. नानांना हे ठाऊक असणारच. लेडीजचं दार खेळ सुरू झाल्यावरही बंद करायचं नाही, असा त्यांचा आप्पांना हुकूम होता. मला वाटायचं, धंद्याचा लोभ.

टिपण फाडलं नाही, पण दुसरं लिहिलं. ते दोन पानांचं होतं आणि बँकेला दाखवण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतं.

आज काय चालतं तिथे

पोर्चसमोरच्या अंगणात गुरुवारी मोटरसायकली लागतात, दहा रुपयांना एक. हे बापूने कुणालाही न विचारता सुरू केलं होतं, आणि शेवटच्या पूर्ण वर्षात सिनेमाने जे दिलं त्यापेक्षा हे अंगण जास्त देतं. मला हे विवरणपत्रात मांडताना थोडं कसंतरीच होतं.

बाल्कनीत अभ्यासिका आहे. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीची पोरं-पोरी. खुर्च्या काढून पार्टिशनची टेबलं टाकली. भिंती दीड हात जाड, बाहेरचा डीजे ऐकू येत नाही, म्हणून फी थोडी जास्त असूनही जागा मिळत नाही. पोरं पडद्याकडे पाठ करून बसतात, कारण दिवे त्या बाजूला आहेत. एकाने टेबलाला चिकटवलंय: 'बाल्कनी रो ए'. आई-वडिलांना त्याने फोटो पाठवला असेल, कधीतरी चुकाऱ्याच्या दिवशी ते याच रांगेत बसले असतील, असं मनात येतं. त्याला विचारलं नाही.

महिना-दोन महिन्यांतून एकदा अहिराणी व्हिडिओ करणारी पोरं हॉल भाड्याने घेतात. आपला नवा भाग यूट्यूबवर टाकायच्या आदल्या रात्री मोठ्या पडद्यावर बघायला. या गाण्यांना आणि विनोदी भागांना मोबाइलवर कोटींच्या घरात बघणारे मिळतात, मग यांना हॉल कशाला? मी एकदा गेलो. तीनशे माणसं होती, आणि प्रत्येकाचं कुणीतरी पडद्यावर होतं. सरपंचाच्या भूमिकेत आमचा किराणावाला. तो दिसला आणि खाली जी शिट्टी झाली, ती मी लहानपणी ऐकलेल्या कुठल्याही हिरोला मिळाली नव्हती. शेजारच्या मालेगावात हे फार आधीच घडलं. तिथल्या व्हिडिओ पार्लरवाल्यांनी गावच्याच लोकांना घेऊन पिच्चर काढले, 2008 मध्ये त्यांच्यावर माहितीपट झाला आणि 2025 मध्ये मोठ्या पडद्याचा हिंदी सिनेमा. आमची पोरं त्यांचंच नाव घेतात. यातून टॉकीजचं वीजबिलही भरत नाही, हेही लिहून ठेवतो. बापू त्यांच्याकडून फक्त वीज आणि झाडूवालीचे पैसे घेतो.

बिल्डरला नाही म्हटलंय, पण कागद फाडलेला नाही. बापूला दोन मुली आहेत, एक पुण्यात, एक अजून शिकतेय. पुढचं त्या ठरवतील. लॉन्सवाला दुसरीकडे गेला. सह्यांच्या कागदाचं उत्तर मी लिहून दिलं, कुणाचा परत फोन आला नाही.

आणि गुरुवारी लेडीज बाजू उघडी असते. थर्डच्या पुढच्या आठ रांगा, पंखे, माठ, मागचं मोरी-संडास नव्या फरशीचं. दहा रुपये, पिशव्या ठेवायची सोय धरून. पडद्यावर काही नसतं. पहिल्या महिन्यात बापूने हौसेने जुनी गाणी लावली होती. बायकांनीच बंद करायला सांगितली, पोरं झोपत नाहीत म्हणून.

पिशव्यांना टोकन काय द्यायचं हा प्रश्न आप्पांनी सोडवला. माळ्यावर करमणूक कर शाखेचा शिक्का मारलेली तिकीटबुकं पडून होती. ती शाखाच उरली नाही, तेव्हा हरकत कोण घेणार, असं मी सल्लागार म्हणून सांगितलं. अर्धं तिकीट पिशवीला टाचणीने, अर्धं बाईच्या हातात. थर्डची आणि लेडीजची बुकं मात्र कधीच संपलेली. उरली आहेत ती सगळी बाल्कनीची. त्यामुळे दर गुरुवारी पावणेपाचला, गाडीचा हॉर्न वाजला की खिडकीवर बाल्कनीची अर्धुकं नाचवत एकच झुंबड उडते, आणि आप्पा चष्मा कपाळावर चढवून नंबर जुळवत राहतात. मागच्या खेपेला एक पिशवी उरली. मेथीच्या दोन जुड्या, एक फणी, लहान मुलाचे सँडल. गाडी गेली होती. आप्पांनी मेथीवर पाणी मारलं आणि पिशवी बुकिंग ऑफिसात, आतल्या खिळ्याला टांगून ठेवली.